रोजचा रियाज कसा टिकवावा : कथक शिकणाऱ्या प्रौढांसाठी

पुण्यात कथकचा क्लास शोधायला फार लांब जावे लागत नाही. कथक नृत्यांगना रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली ‘नृत्यभारती’ ही संस्था सुरू केली. २००८ मध्ये त्या गेल्या, तोवरच्या सहा दशकांत त्यांच्या शिष्यांनी आणि पुढे शिष्यांच्या शिष्यांनी शहरभर वर्ग उघडले. त्यामुळे तिशी-चाळिशीत पहिल्यांदा घुंगरू बांधणाऱ्यांना, किंवा शाळेत असताना सोडलेले कथक पुन्हा सुरू करू पाहणाऱ्यांना, इथे गुरू मिळतो. अडचण नंतर येते. पहिले तीन-चार महिने हुरूप असतो. मग कार्यालयात मार्चअखेर येते, घरात कुणाचे आजारपण निघते, आठवड्यातून दोनदा होणारा क्लास एकदाच होऊ लागतो आणि एके दिवशी आपण महिनाभर गेलोच नाही हे लक्षात येते. मी स्वतः महाविद्यालयात असताना असेच कथक सोडले, एकतिसाव्या वर्षी पुन्हा सुरू केले, आणि त्याला आता बावीस वर्षे होत आली. या काळात मला एक गोष्ट पुरती पटली आहे. क्लास टिकतो तो घरच्या रियाजाच्या जोरावर, आणि घरचा रियाज टिकतो तो त्याची वेळ, जागा व कमीत कमी मात्रा आधीच ठरलेली असेल तर. मनाच्या उभारीवर सोडलेला रियाज दोन पावसाळे काढत नाही. पुढची सगळी मांडणी या अनुभवातून आलेली आहे. उदाहरणे कथकची असली तरी भरतनाट्यम शिकणाऱ्यांनी तत्काराच्या (तालात पाय आपटण्याच्या मूलभूत सरावाच्या) जागी अडवू (त्या नृत्यातले मूलभूत पदन्यास) धरावेत, बाकी फारसा फरक पडणार नाही.

पहिली पायरी : किमान रियाज ठरवणे

सुरुवातीला बहुतेक जण रोज तासभर रियाज करण्याचा निश्चय करतात. तास जमला नाही की तो दिवस वाया गेला असे वाटते, आणि असे चार दिवस गेले की घुंगरांच्या पिशवीकडे बघायलाही अवघड वाटू लागते. म्हणून सर्वांत आधी इतका छोटा रियाज ठरवावा, की जो पाहुणे आलेले असताना, रात्री घरी यायला उशीर झालेला असताना किंवा मन अजिबात लागत नसतानाही पार पडेल. माझा किमान रियाज बारा मिनिटांचा आहे : पाच मिनिटे बराबरीच्या लयीत (एका मात्रेला एक आघात) तत्कार, पाच मिनिटे दुगुन (एका मात्रेला दोन) आणि दोन मिनिटे एखाद्या तोड्याची, म्हणजे छोट्या नृत्यरचनेची, पढंत (ताल धरून बोल तोंडाने म्हणणे).

बारा मिनिटे ऐकायला क्षुल्लक वाटतात, म्हणून त्यांचा हिशेब मांडून पाहावा. तीनतालाचे आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, १६ मात्रांचे (ठोक्यांचे) असते. मिनिटाला ६० मात्रा अशी लय ठेवली, तर एक आवर्तन १६ सेकंदांत पूर्ण होते. पाच मिनिटांच्या बराबरीत ३०० आणि पाच मिनिटांच्या दुगुनीत ६००, असे एकूण ९०० आघात होतात. आठवड्याची एक सुट्टी वगळली, तरी वर्षाकाठी ते २ लाख ८० हजारांच्या वर जातात. पाय तयार होतो तो या आघातांनी.

ताप असेल किंवा पाय दुखावला असेल, त्या दिवशी बसून हातावर ताल धरावा आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा), टाळी आणि खाली (टाळीऐवजी हात उघडण्याची जागा) सांभाळत पढंत करावी. बसमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेही बोटांवर हे होते. मी कात्रजच्या बसमध्ये धमार तालाच्या १४ मात्रा अशाच पक्क्या केल्या आहेत. हा रियाज झाला असेच मोजावे. मात्र एक पथ्य पाळावे. पहिले वर्षभर किमान रियाजाची मात्रा वाढवू नये. ज्या दिवशी वेळ असेल त्या दिवशी खुशाल तासभर नाचावे, पण ठरलेली मात्रा बारा मिनिटांचीच राहू द्यावी.

दुसरी पायरी : वेळ बांधणे

घड्याळातली वेळ ठरवण्यापेक्षा घरात रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या कामाला रियाज जोडावा, असे मी सुचवीन. आमच्याकडे सकाळी नळाला पाणी येते. पिंप आणि हंडे भरून झाले की मी थेट आतल्या खोलीत जाते. पाणी भरणे टळत नाही, म्हणून रियाजही टळत नाही. हिंजवडी किंवा खराडीला नोकरी असेल, तर संध्याकाळी घरी पोहोचण्याची वेळ आपल्या हातात नसते, तेव्हा सकाळच बरी. सकाळी शक्यच नसेल, तर घरी आल्यावर चपला काढून, पाय धुऊन, न बसता रियाजाला उभे राहावे. एकदा बैठक मारली की उठणे जड जाते. पूर्ण जेवण झाले असेल तर मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. भूक असेल तर अर्धा तास आधी एखादे केळे पुरते.

घरच्यांशी या वेळेबद्दल स्पष्ट बोलून घ्यावे. आपण गृहीत धरतो की त्यांना समजेल, आणि मग दर दोन मिनिटांनी दारावर टकटक होते. मी सासूबाईंना म्हटले होते, “आई, पाणी भरून झाल्यावर मी पाऊण तास आत असेन. दूधवाला आला तर तेवढे बघाल का?” त्या म्हणाल्या, “बघेन गं, पण गॅसवर काही ठेवून जाऊ नकोस.” एवढ्या दोन वाक्यांनी पुढची कितीतरी वर्षे सोपी झाली. मुलांनाही हेच सांगावे, आणि त्या वेळात फोन फक्त लेहऱ्यासाठी (तालाचे आवर्तन दाखवत सतत वाजणाऱ्या धुनेसाठी) वापरावा.

तिसरी पायरी : पायाखालची जमीन

या पायरीवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे केलेल्या दुर्लक्षाची किंमत मी मोजली आहे. पुन्हा सुरू केल्याच्या दुसऱ्याच वर्षी आमचा क्लास एका भाड्याच्या हॉलमध्ये भरत असे. तिथे काँक्रीटच्या स्लॅबवर थेट टाइल्स होत्या, आणि घरीही तशाच. काँक्रीट आघात जिरवत नाही. पायाने दिलेला जोर तसाच नडगीत आणि गुडघ्यात परत येतो. तीन महिन्यांत डाव्या नडगीवर बोटभर जागेत दुखू लागले, मी ते अंगावर काढले, आणि शेवटी डॉक्टरांनी सहा आठवडे पाय आपटायचा नाही असे बजावले.

त्यानंतर मी फळी करून घेतली. ८ बाय ४ फुटांचे, १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड आणावे. त्यातून ४ बाय ४ च्या दोन फळ्या निघतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दुकानदार तिथेच कापून देतात. एक फळी आपल्याला पुरते, दुसरी एखाद्या मैत्रिणीला द्यावी म्हणजे खर्च निम्म्यावर येतो. घरी आणल्यावर कडा आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासावा. मग कापसाचा बोळा हातात घेऊन तो सगळ्या फळीवरून सावकाश फिरवावा. जिथे कापसाचा तंतू अडकतो तिथे कुसळ शिल्लक आहे, ती जागा पुन्हा घासावी. डोळ्यांना न दिसणारी कुसळेही अशी सापडतात, आणि अनवाणी पायाला तीच टोचतात. फळीला व्हार्निश लावू नये, पाय घसरतो. खाली १० ते १२ मिलिमीटरची रबराची किंवा फोमची चटई घालावी आणि चारही कोपऱ्यांवर उभे राहून फळी डुगडुगत नाही ना, हे पाहावे. चक्करांना (गिरक्यांना) मात्र एवढी जागा अपुरी पडते. घरी जागच्या जागी एक-दोन चक्कर घ्यावेत, मोठी आवर्तने क्लासमध्येच करावीत.

सदनिकेत राहणाऱ्यांना खालच्या मजल्याचाही विचार करावा लागतो. तक्रार येण्याची वाट पाहू नये, आपणच जाऊन विचारावे. मी विचारले, “काकू, माझ्या पायांचा आवाज खाली येतो का?” काकू म्हणाल्या, “येतो ना. सकाळचं काही नाही, पण रविवारी दुपारी यांचा डोळा लागत नाही.” मी रविवारचा रियाज सकाळी घेऊ लागले आणि चटईचा एक थर वाढवला. पुढे त्याच काकू आमच्या वार्षिक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत येऊन बसू लागल्या.

चौथी पायरी : चाळीस मिनिटांची आखणी

ज्या दिवशी पूर्ण वेळ मिळतो, त्या दिवसासाठीही क्रम ठरलेला असावा, नाहीतर हाताला येणारे तेच तोडे आपण पुन्हा पुन्हा नाचत राहतो. माझा क्रम असा आहे. पहिली सात मिनिटे अंग मोकळे करण्याची : घोटे दोन्ही दिशांना फिरवणे, भिंतीला हात टेकून टाचा सावकाश उचलणे आणि खाली घेणे (पंधरा-पंधराच्या दोन फेऱ्या), मग कंबर, खांदे आणि मान. त्यानंतर बारा मिनिटे तत्कार, सहा मिनिटे हस्तक (हातांच्या हालचाली) व चक्कर, आठ मिनिटे आधी बसलेल्या जुन्या बंदिशी (बांधलेल्या नृत्यरचना), पाच मिनिटे नवे शिकलेले, आणि शेवटची दोन मिनिटे पोटऱ्या ताणून श्वास शांत होऊ देणे. नवे शिकलेले शेवटी ठेवण्याचे कारण असे, की ते आधी घेतले तर सगळा वेळ तेच खाते आणि तत्कार राहून जातो.

तत्कारात लय वाढवण्याची घाई हा प्रौढ विद्यार्थ्यांचा नेहमीचा दोष आहे. आपली बुद्धी पायांच्या पुढे धावत असते. मिनिटाला ६० मात्रांची लय असताना चौगुन म्हणजे सेकंदाला चार आघात होतात, आणि ते स्वच्छ पडत आहेत की नुसते सरकत आहेत, हे नाचताना कळत नाही. यासाठी घुंगरू न बांधता तत्कार करावा, फोन फळीच्या कडेला जमिनीवर ठेवून फक्त आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि नंतर डोळे मिटून ऐकावा. ‘ता थेई थेई तत्’ उजव्या पायाने सुरू होते आणि ‘आ थेई थेई तत्’ डाव्याने. बहुतेकांचा ‘आ’ पोकळ वाजतो. घुंगरांच्या नादात हे झाकले जाते. माझा डावा पाय असाच कमी पडत होता, आणि तो आठवडाभर रोज फक्त ‘आ’पासून सुरू केलेल्या आवर्तनांनी सुधारला. सलग दोन आठवडे दोन्ही पाय सारखे ऐकू आले, तरच लय चार मात्रांनी वाढवावी, म्हणजे ६० वरून ६४. पुन्हा ढिसाळपणा आला तर मागे यावे.

याची नोंद वहीत करावी. साधी दोनशे पानी वही पुरते. तारीख, लय, किती मिनिटे, काय अडले, एवढेच चार रकाने ठेवावेत. ‘आज छान झाले’ असले शेरे काही दिवसांनी निरुपयोगी ठरतात, पण ‘चौगुन ६४, नवव्या मात्रेवर डावा पाय उशिरा’ ही ओळ पुढच्या क्लासला शिकवणाऱ्या ताईंना दाखवता येते.

पाचवी पायरी : शरीराचे म्हणणे ओळखणे

दोन्ही पोटऱ्यांत सारखे जाणवणारे, दुसऱ्या दिवशी वाढणारे आणि दोन-तीन दिवसांत ओसरणारे दुखणे स्नायूंचे असते. त्याची धास्ती घेऊ नये, त्या दिवशी किमान रियाज हळू लयीत करावा. याउलट एकाच पायात, हाडावर, बोटाने दाबल्यावर नेमक्या जागी कळ देणारे आणि रियाजागणिक वाढणारे दुखणे असेल, तर पाय आपटणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वारंवार बसणाऱ्या आघातांनी हाडाला बारीक तडा जाऊ शकतो, आणि तो अंगावर काढून बरा होत नाही. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत तीव्र कळ येत असेल, तर ती तळपायाच्या पट्टीला आलेली सूज असण्याचा संभव असतो. त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत.

आठवड्यातून एक दिवस पायांना पूर्ण सुट्टी द्यावी. मासिक पाळीच्या दिवसांत ज्यांना त्रास होतो त्यांनी पढंत आणि बसून अभिनय करावा, ज्यांना होत नाही त्यांनी नेहमीसारखे नाचावे. याबाबत दुसऱ्याचा नियम आपल्याला लावून घेऊ नये. लवकर दम लागत असेल तर वयावर खापर फोडण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तत्कार सुरू करू नये.

सहावी पायरी : वर्षाचे वेळापत्रक आणि खंड

पुण्याच्या वर्षात रियाज कुठे तुटतो, हे आता मला तोंडपाठ आहे : मार्चअखेर, एप्रिल-मेमधील लग्नसराई, पालख्या शहरात मुक्कामी असतानाचे दोन दिवस, गणपती आणि दिवाळी. जानेवारीतच दिनदर्शिकेवर हे काळ पेन्सिलीने आखून ठेवावेत आणि त्या दिवसांपुरता फक्त किमान रियाज धरावा. आधीच मान्य केलेली घट मनाला लागत नाही. गणपतीत पेठांमधले रस्ते बंद असतात, क्लासला सुट्टी असते, आणि त्याआधी दीड-दोन महिने नदीपात्रातून ढोल-ताशा पथकांचा सराव ऐकू येत असतो. सुरुवातीला मला त्या आवाजात रियाज अशक्य वाटे. नंतर मी मुद्दाम लेहरा बंद करून, बाहेर ढोल वाजत असताना स्वतःची लय मोठ्याने म्हणत तत्कार करू लागले. बाहेरच्या ठेक्याकडे न ओढले जाता सोळा आवर्तने समेवर येणे, ही लयीची अतिशय चांगली परीक्षा आहे, आणि आपल्या शहरात ती फुकट मिळते.

तरीही मोठा खंड पडतोच. माझ्या वडिलांच्या आजारपणात साडेतीन महिने मी एकदाही घुंगरू बांधले नाहीत. अशा खंडानंतर परतताना जिथे सोडले तिथून सुरू करू नये. पहिल्या आठवड्यात घुंगरू न बांधता किमान रियाज, दुसऱ्या आठवड्यात घुंगरांसह तेवढाच, आणि लय आधीपेक्षा किमान दहा मात्रांनी कमी. तिसऱ्या आठवड्यापासून हळूहळू वेळ वाढवावा. बोल डोक्यात शाबूत असतात, त्यामुळे आपल्याला सगळे येते असे वाटते. पण पोटऱ्या आणि घोटे विसरलेले असतात, आणि दुखापती बहुधा याच पंधरवड्यात होतात. वहीत खंडाची तारीख आणि कारण लिहून पुढे चालू लागावे.

सातवी पायरी : गुरू, परीक्षा आणि सोबत

रियाज झाला नसेल तर क्लास चुकवू नये. लाजेने एक तास बुडतो, मग दुसरा बुडतो. मी सरळ सांगते, “ताई, या आठवड्यात फक्त पढंत झाली.” चांगला गुरू त्या दिवशी तिथूनच पुढे नेतो. प्रत्येक तासाच्या शेवटी ‘पुढच्या वेळेपर्यंत नेमके कशावर काम करू?’ हे विचारून त्याचे उत्तर वहीत टिपून घ्यावे. क्लास निवडताना आधी एक तास बसून पाहण्याची परवानगी मागावी. जमीन कशी आहे, पढंत करून घेतात का, मोठ्यांना लहान मुलांच्याच घाईने शिकवतात का, हे तेवढ्यात समजते.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद व पुढे अलंकारपर्यंत आहेत. अभ्यासाला शिस्त लागावी म्हणून त्या जरूर द्याव्यात, विशेषतः ताल लिपिबद्ध करण्याची सवय त्यातून लागते. पण माझ्या पाहण्यात विशारद झाल्यावर नृत्य सुटलेल्या मुली पुष्कळ आहेत, कारण त्यांचा सगळा रियाज परीक्षेच्या तारखेला बांधलेला होता. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीही किमान रियाज करावा, निकाल लागायच्या आत पुढची एखादी बंदिश मागून घ्यावी.

सोबत एखाद-दुसरीच पुरे. आम्ही दोघी गेली कित्येक वर्षे रविवारी एकत्र रियाज करतो, एकीने नाचायचे आणि दुसरीने पढंत करायची. दुसऱ्यासाठी पढंत करताना आपली स्वतःची लय किती डळमळते, ते लख्ख दिसते. महिन्यातून एकदा कार्यक्रमालाही जावे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभे राहिले तेव्हापासून या शहराने तिथे पुष्कळ नृत्य पाहिले आहे, आणि विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातील विद्यार्थ्यांचे कार्यक्रमही बघण्यासारखे असतात. प्रेक्षागृहात बसल्यावर मांडीवर बोटांनी ताल धरावा. कलाकार समेवर येतो तेव्हा आपली पहिली मात्रा तिथेच पडते का, ते पाहावे.

आठवी पायरी : घुंगरांची निगा

कथकमध्ये एका पायात शंभर किंवा त्याहून अधिक घुंगरू बांधतात, पण नवशिक्या प्रौढाने पायागणिक पंचवीस ते पन्नासांपासून सुरुवात करावी. बांधण्याआधी घोट्यावर सुती पट्टी गुंडाळावी, म्हणजे कातडी सोलवटत नाही. रियाज झाल्यावर घाम कोरड्या फडक्याने पुसून घुंगरू पसरून ठेवावेत आणि पूर्ण वाळल्यावरच पिशवीत घालावेत. पावसाळ्यात एवढी काळजी घेतली नाही, तर पितळेवर हिरवट डाग येतात आणि दोरीला कुबट वास सुटतो.

मी दरवर्षी दसऱ्याच्या पूजेआधी दोरी बदलते. जुनी दोरी कापून सगळे घुंगरू परातीत काढावेत, मोजावेत आणि एकेक कानाजवळ धरून हलवावेत. ज्याच्या आतली गोळी निसटली आहे किंवा ज्याला चीर गेली आहे, तो बद्द वाजतो. तो बाजूला ठेवून तेवढे नवे घ्यावेत. जाड पांढऱ्या सुती दोरीचे दोन पदर घ्यावेत, ते घुंगराच्या कडीतून एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी ओवावेत आणि प्रत्येक घुंगरानंतर घट्ट गाठ मारावी, म्हणजे घुंगरू एकमेकांवर घासत नाहीत. दोन्ही टोकांना बांधण्यासाठी दीड-दीड हात दोरी मोकळी सोडावी. शंभर घुंगरांना मला दोन संध्याकाळ लागतात. नवी दोरी पहिले चार-पाच दिवस ताणली जाऊन सैल पडते, तेव्हा त्या दिवसांत तत्काराच्या दहा मिनिटांनंतर थांबून घुंगरू सोडावेत, पुन्हा घोट्यापासून घट्ट बांधावेत आणि मगच चक्करांना उभे राहावे.